तीन टोले आणि एक धप्प

सर्वोत्तम गाण्यांचे संग्रह परीक्षकाला मुळातच आवडत नसत. लग्नाच्या अल्बममधले नुसते नवरानवरीचे फोटो ठेवावेत आणि रुसलेली आत्या, झोपलेलं पोर, चप्पल शोधणारा मामा हे सगळं कचऱ्यात टाकावं, तसा हा प्रकार, असं त्याने आपल्या सदरात निदान पाच वेळा तरी लिहिलं होतं. वाचकांना ते पाठ झालं होतं. वाचक तरी किती उरले होते म्हणा! रविवारच्या पुरवणीत, हवामान आणि शब्दकोडं यांच्या मधल्या पट्टीत, सहाशे शब्द. त्या पट्टीत बसून एकतीस वर्षं तो तबकड्यांना पाचपैकी तारे वाटत आला होता. चार तारे त्याने आयुष्यात नऊ वेळा दिले होते. पाच एकदाही नाही. ऑफिसात त्याच्या मागे त्याला ‘सुई’ म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. मनातून थोडं आवडतही होतं.

त्या गुरुवारी कुरिअरने आलेलं पाकीट मात्र त्याने कात्री न लावता, चिकटपट्टी नखाने सोडवत, हलक्या हाताने उघडलं. आत भट्टीवाले होते. बँडचं खरं नाव लांबलचक होतं, पण चौघेही काचेच्या कारखान्यात भट्टीवर कामाला होते म्हणून चाहत्यांनी त्यांना हे नाव दिलं आणि तेच चिकटलं. सत्तरच्या दशकात त्यांनी आठ वर्षं वाजवलं, सहा तबकड्या काढल्या, आपसात कडाकडा भांडले आणि चार दिशांना गेले. आता पन्नास वर्षं होत आल्यावर कंपनीला त्यांची आठवण झाली होती. दोन तबकड्या, सोळा गाजलेली गाणी, एक जाड पुस्तिका. आणि कव्हरवर मागे, सर्वांत खाली, लाल अक्षरांत सतरावं गाणं: ‘शेवटची पाळी’, रेडिओसाठी केलेलं वादन, प्रथमच प्रकाशित.

ते वाचून परीक्षक स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलाच. या एका गाण्यासाठी तो सत्तेचाळीस वर्षं थांबला होता.

‘शेवटची पाळी’ तसं सगळ्यांच्या माहितीचं. चौथ्या तबकडीवर आहेच. पण एकदा, एका गुरुवारी संध्याकाळी सात वाजता, भट्टीवाले रेडिओच्या स्टुडिओत गेले आणि त्यांनी ते तिथे पुन्हा वाजवलं. ते एकदाच प्रसारित झालं. तेव्हा परीक्षक पंधरा वर्षांचा होता. आई दुपारपाळीला इस्पितळाच्या धुलाईखान्यात, थोरली बहीण टायपिंगच्या क्लासला, वडील आतल्या खोलीत आजारी, आणि हा बाहेरच्या खोलीत रेडिओसमोर. वायरी जोडण्याची सोय नव्हती. रेडिओ टेबलावर, त्याच्यासमोर खुर्चीवर टेपरेकॉर्डर, आणि मध्ये श्वास धरून हा. त्या वेळी सगळे असंच करत.

त्या कॅसेटवर एक गोष्ट होती जी तबकडीवर नव्हती. दुसरं कडवं संपतं, गिटार क्षणभर थांबतं, आणि त्या शांततेत तीन टोले पडतात. टिंग. टिंग. टिंग. मग खोलवर कुठेतरी एक धप्प, आणि गाणं पुन्हा सुरू होतं. कॉलेजच्या वसतिगृहात पहिल्यांदा कानाला हेडफोन लावून त्याने ती कॅसेट ऐकली तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला होता. भट्टीवाल्यांनी फक्त त्या एका संध्याकाळी ही घंटा वाजवली होती, आणि ती पकडून ठेवणारा आख्ख्या जगात हा एकटा! त्याने लिहिलेल्या एकुलत्या एका पुस्तकाचं चौथं प्रकरण त्या घंटेवर होतं, चौदा पानांचं. त्यात एक वाक्य होतं: ‘पाळी संपल्याचे टोले पडतात, आणि मग कोणीतरी गाण्याच्या आतूनच दार लावून घेतं.’ या वाक्यावर त्याचा फार जीव होता. ते चाहत्यांच्या तोंडी बसलं होतं. आणि आता नव्या पुस्तिकेच्या सातव्या पानावर, त्याच्या नावासकट, तेच वाक्य छापलं होतं.

त्याने ते पान तीनदा वाचलं. दाखवायला घरात कोणी नव्हतं. बायको बारा वर्षांपूर्वी गेली होती. वारली नव्हती, गेली होती. घरात एक नियम होता: तबकडी फिरत असताना कोणी बोलायचं नाही, उठायचं नाही, भांडं आपटायचं नाही. जाताना ती म्हणाली, “तुझ्याशी बोलायचं तर आधी गाणं संपायची वाट बघावी लागते. आणि एक संपलं की तू दुसरं लावतोस.” त्याला हे अतिशय अन्यायाचं वाटलं होतं. शिवाय ती हे बोलली तेव्हाही एक गाणं चालूच होतं.

परीक्षण करण्याची त्याची रीत ठरलेली होती. पहिल्यांदा उभ्याने ऐकायचं, भांडी घासताना. गाण्यात दम असेल तर हात आपोआप थांबतात. दुसऱ्यांदा बसून, हेडफोन लावून. तिसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. पहिल्या खेपेला पेन्सिलीला हात लावायचा नाही, मग विजा का कडाडेनात.

सोळा गाणी त्याने अशी रीतसर ऐकली. पहिल्याच बाजूवर तीन धडाक्याची गाणी पाठोपाठ लावली होती. मूळ तबकड्यांवर त्यांच्या आधी एकेक संथ, रेंगाळणारं गाणं होतं आणि म्हणून तर पुढचा धडाका छातीत बसायचा. इथे सगळा नुसताच आरडाओरडा. एका लांब गाण्याची त्यांनी छोटी केलेली प्रत घेतली होती, शेवटचे दोन मिनिटांचे ड्रम कापून. ज्याने हे कापलं त्याचे कान पकडून त्याला कोपऱ्यात उभं करावं, असं त्याच्या मनात आलं. पण आवाज चांगला होता. फारच चांगला. बास गिटारची तार सुटल्यावरची थरथरसुद्धा कळत होती. साडेतीन तारे, तो मनाशी म्हणाला. आणि मग सतरावं.

भांडी संपली होती. त्याने तरी नळ बंद करून उभ्यानेच ऐकलं, हात ओले तसेच. पहिलं कडवं. दुसरं कडवं. गिटार थांबलं.

काहीच नाही. स्वच्छ, कोरी शांतता, आणि गाणं पुढे निघून गेलं.

त्याने सुई उचलून मागे ठेवली. पुन्हा काही नाही. हेडफोन लावले, आवाज इतका वाढवला की गायकाने ओठ उघडलेलेही ऐकू आले. घंटा नाही, धप्प नाही. परीक्षकाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि पाठोपाठ संतापाची तिडीक गेली. साफसफाई! आजकाल यंत्रं आली आहेत. खरखर काढतात, खोकला काढतात, खुर्ची करकरली तर तेही काढतात. कोणा दीडशहाण्याला ते तीन टोले म्हणजे कचरा वाटला आणि त्याने तो झाडून टाकला. पुस्तिकेत घंटेची थोरवी आणि तबकडीवर घंटाच नाही!

त्याने एका बैठकीत सहाशे शब्द लिहिले. तारा एक, तोही पुस्तिकेच्या कागदाला. साउंड इंजिनिअरचं नाव कव्हरवर होतं, बाईचं नाव, ते त्याने दोनदा लिहिलं. ‘ज्यांना घंटा आणि घाण यांतला फरक कळत नाही त्यांनी घर पुसण्याची कामं घ्यावीत.’ हे वाक्य त्याला फार जमल्यासारखं वाटलं. वाटलं, म्हणूनच त्याने ते पुन्हा मोठ्याने वाचलं.

शुक्रवारी पुरवणीच्या संपादिकेचा फोन आला. तिशीतली होती, सगळ्यांशी अरेतुरे करायची, पण याला ‘सर’ म्हणायची.

“सर, वाचलं. जबरदस्त आहे. कधी नव्हे ते लोक भांडतील आपल्या पानावर.”

“भांडू देत.”

“पण तुम्ही त्या बाईवर सरळ सरळ आरोप केलाय. नाव घेऊन. तिची बाजू न ऐकता छापलं तर माझी मान अडकेल. तुम्ही एकदा स्टुडिओत जाऊन या ना. बुधवारी दुपारी दिलंत तरी चालेल मला.”

“मी कान घेऊनच जन्माला आलोय. मला तिची बाजू ऐकायची गरज नाही.”

“सर, प्लीज.”

तो सोमवारी गेला. कॅसेट शर्टाच्या खिशात, हृदयाच्या बाजूला.

स्टुडिओ एका छपाईच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर होता. इंजिनिअरबाई चाळिशीची असावी. चष्मा केसांत खोचलेला, पायात घरातल्यासारख्या सपाता. परीक्षकाचं नाव ऐकताच ती उठून उभी राहिली आणि शाळेतल्या मुलीसारखी हसली. परीक्षक भांडायच्या तयारीने गेला होता. त्याची जरा पंचाईत झाली.

“तुमचं पुस्तक कॉलेजात असताना वाचलं मी. या कामात पडले ती त्याच्यामुळेच म्हणा ना. पुस्तिकेत ते वाक्य मीच घालायला लावलं.”

“वाक्य घातलंत आणि घंटा काढलीत.”

तिचं हसू मावळलं. तिने कपाटातून एक चपटा पत्र्याचा डबा काढला, त्यातली मोठी फिरकी मशीनवर चढवली आणि फीत अंगठ्याने हळूच दाबून बसवली. “ही मूळ टेप. रेडिओच्या स्टुडिओत ते वाजवत होते तेव्हा हीच फिरत होती. हिला मी हात लावलेला नाही. काही काढलं नाही, काही घातलं नाही. ऐका.”

खरखर होती. कोणीतरी घसा साफ केला. कोणीतरी “चालू?” म्हणालं. मग गाणं. दुसरं कडवं संपलं, गिटार थांबलं. त्या शांततेत एका खुर्चीची करकर ऐकू आली. गाणं पुढे गेलं.

“मी तीन आठवडे शोधत होते ती घंटा,” इंजिनिअरबाई म्हणाली. “दुसरी प्रत आहे का म्हणून रेडिओच्या लोकांच्या मागे लागले. तुमच्याइतकीच हवी होती मला. नाही सापडली. शेवटी वाटलं, तुमच्या कानात काहीतरी असेल जे आम्हाला ऐकू येत नाही.”

परीक्षकाने खिशातून कॅसेट काढली आणि टेबलावर ठेवली, पुरावा ठेवावा तशी. तिने ती लावली. टिंग, टिंग, टिंग. धप्प. तिने मागे घेऊन पुन्हा ऐकलं, चष्मा डोळ्यांवर ओढून, जणू आवाज दिसणार होता.

“हे तुम्ही कसं घेतलं होतं? वायर लावून?”

“वायर कुठली! रेडिओसमोर खुर्चीवर टेपरेकॉर्डर ठेवून.”

“मग…” तिने आवाज खाली आणला, वाईट बातमी सांगताना आणतात तसा. “मग घंटा तुमच्या खोलीत होती.”

“आमच्या घरात घंटा नव्हती,” परीक्षक फटकन म्हणाला. कॅसेट उचलली आणि निघाला. जिन्यात त्याच्या लक्षात आलं की तिने केलेला चहा तसाच राहिला.

आता त्याच्या पायाखालची वाळू सरकली होती हे खरं, पण हट्ट काही सरकला नव्हता. रात्रभर नाही, पण संध्याकाळभर तो चरफडत राहिला. घंटा त्याच्या घरातली असेल तर चौदा पानं गेली, पुस्तक गेलं, आणि पुस्तकाशिवाय त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. शेजारच्यांच्या दारावरची बेल? शेजारी बेल नव्हती, कडी होती. सायकलची घंटा? सायकल तळमजल्यावर असायची. त्या घरातलं त्याच्याशिवाय आता एकच माणूस जिवंत होतं.

ताईचा फोन दर मंगळवारी पाचला यायचा. ती एका दिवसाच्या प्रवासाइतकी लांब राहायची, मुलासुनेकडे. तिला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण एकतीस वर्षांची सगळी परीक्षणं कापून तिने जुन्या साड्यांच्या खोक्यात ठेवली होती. बासष्ट वर्षांच्या या माणसाला ती अजून ‘छोट्या’ म्हणायची.

“छोट्या, जेवतोस ना नीट? का नुसता पाव?”

“ताई, आपल्या घरात घंटा होती का गं? लहानपणी?”

“कसली घंटा?”

“छोटी. घंटी. थांब, ऐकवतोच तुला.”

त्याने फोन स्टुलावर ठेवला, कॅसेटच्या स्पीकरसमोर, अगदी जवळ. ठेवता ठेवता त्याला वाटलं, हे असंच आपण कधीतरी केलंय. मग बटण दाबलं. पहिल्या कडव्याला ताई फोनमधून काहीतरी म्हणाली, “फार ओरडतात रे,” असंच काहीतरी. दुसरं कडवं संपलं. गिटार थांबलं.

टिंग. टिंग. टिंग.

“आले, बाबा!”

फोनमधून ताईचा आवाज इतका खणखणीत आला की परीक्षक दचकला. तो अडुसष्टीला टेकलेल्या बाईचा आवाज नव्हता. घाईतल्या, कपाळावरचे केस मागे सारणाऱ्या मुलीचा होता. मग धप्प झालं आणि गाणं पुढे सुरू झालं.

त्याने गाणं बंद केलं. अर्ध्यात. असं त्याने कधी केलेलं नव्हतं.

“ताई?”

“अगं बाई,” ताई स्वतःशीच म्हणाली. “कुठून निघालं हे माझ्या तोंडून!” मग ती म्हणाली, “चमचा रे तो. बाबांचा. स्टीलच्या पेल्यावर वाजवायचे ना ते.”

आणि मग परीक्षकाला तो पेला दिसला. पलंगाशेजारच्या स्टुलावर, काठाला पोचा आलेला. वडील गोदीवर क्रेन चालवायचे. एका सकाळी जिन्यात कोसळले ते उठलेच नाहीत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा राहिला. आईने त्या हातात चमचा दिला.

“एक म्हणजे पाणी,” ताई म्हणाली. “दोन म्हणजे कूस बदलायची.”

“आणि तीन?”

“विसरलास? तीन म्हणजे काही नको. नुसतं इथे येऊन बसा.”

रेडिओची खरखर, स्वस्त मायक्रोफोन, उतरलेल्या बॅटरीवर जड झालेली फीत, यांनी एका चमच्याची घंटा केली होती. आणि तो आवाज घरात दिवसातून पन्नास वेळा व्हायचा; तो ऐकू येणं त्याने कधीच सोडून दिलं होतं. चार वर्षांनी वसतिगृहात ऐकला तोवर वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. त्याने ऐकला आणि त्याला वाटलं, काय सुंदर वाजवलंय!

“गाणं संपल्यावर गेला असशील ना तू,” ताई म्हणाली. विचारलं नाही तिने, सांगितल्यासारखं म्हणाली. “लहान होतास.”

“हं.”

“आणि ते मागून धप्प कसलं रे?”

“ढोल असेल,” परीक्षक म्हणाला.

“असेल. मला काय कळतंय त्यातलं.” ती नाक ओढत होती. “छोट्या, परत ऐकव ना. गाणं नको, तेवढंच. बाबांचा आवाजच म्हणायचा हा. दुसरं काय आहे आपल्याकडे त्यांचं?”

त्याने ऐकवलं. तिने आणखी मागितलं. त्याने चार वेळा ऐकवलं, आणि चारही वेळा टोल्यांच्या मागून ते धप्प आलं. ते यायच्या आत कॅसेट थांबवायला त्याचं बोट एकदाही वेळेवर पोचलं नाही.

फोन ठेवल्यावर तो तिथेच बसून राहिला. ढोल नव्हता तो. आतल्या खोलीचं दार फरशीला घासायचं. ते नुसतं ढकलून लागत नसे. किंचित उचलून खांदा द्यावा लागायचा, आणि मग ते धप्पदिशी बसायचं. त्याला आता सगळं दिसत होतं, आणि इतकं लख्ख दिसत होतं की सत्तेचाळीस वर्षं ते कुठे दडून बसलं होतं देव जाणे. पहिल्या टोल्यालाच तो उठला होता. पावलं टेपवर येऊ नयेत म्हणून मोज्यांवर, चवड्यांवर चालत गेला होता. वडिलांनी त्याला दारात पाहिलं. त्यांना वाटलं, आला. त्यांनी चमचा खाली ठेवला. आणि त्याने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प राहायची खूण केली, ज्यांची वाचा गेली होती त्यांना, आणि दार लावून घेतलं.

गाणं संपल्यावर तो गेला होता का? ते मात्र काही केल्या आठवेना. कॅसेट तिथे संपत होती.

‘मग कोणीतरी गाण्याच्या आतूनच दार लावून घेतं.’ हे वाक्य त्याने स्वतः लिहिलं होतं, त्यावर टाळ्या घेतल्या होत्या, आणि ते आता एका महागड्या पुस्तिकेच्या सातव्या पानावर होतं. त्याची त्याला लाज वाटली. नुसती लाज नाही. त्याला त्या पंधरा वर्षांच्या पोराच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, आणि लगेच त्या पोराची कीवही आली, कारण गाणं खरोखरच चांगलं होतं.

बुधवारी सकाळी त्याने जुने सहाशे शब्द फाडले आणि कोरा कागद घेतला. ताईला ढोल सांगून झालं होतं. रविवारी ती पान कापायला बसणार, कापण्याआधी वाचणार. ढोल तसाच राहू द्यायचा तर घंटेबद्दल एक ओळ पुरेशी होती: माझी चूक झाली, आवाज घरातला होता, क्षमस्व. कोणी काही विचारणार नव्हतं. त्याने ती ओळ लिहिली. वाचली. एखाद्या गायकाने सूर चुकवून हसून वेळ मारून न्यावी तशी ती वाटली, आणि असल्या गायकांना तो दीड ताऱ्याच्या वर कधी देत नसे. त्याने ती खोडली.

मग त्याने लिहायला घेतलं. पहिल्या तीन गाण्यांची आदळआपट, कापलेले ड्रम, बास गिटारची थरथर, सगळं न्यायाने लिहिलं. पुढे लिहिलं:

‘सतराव्या गाण्यात घंटा नाही. कधीच नव्हती. इंजिनिअरबाईंनी काहीही पुसलेलं नाही, उलट एका खुर्चीची करकरसुद्धा जपून ठेवली आहे. माझ्या पुस्तकाचं चौथं प्रकरण वाचकांनी विसरून जावं. मी ज्याला घंटा म्हणत आलो तो माझ्या वडिलांचा चमचा होता. ते मला जवळ येऊन बसायला बोलावत होते. त्यानंतरचा जो आवाज आहे तो ढोल नाही. ते दार आहे, आणि ते मी लावलं. टोल्यांशिवाय हे वादन मी परवा पहिल्यांदा ऐकलं. ते पूर्ण आहे. त्यात काही कमी नाही.’

शब्द मोजायचं त्याला भान राहिलं नाही. दुपारी संपादिकेचा फोन आला तेव्हा ती नेहमीसारखी भरभर बोलत नव्हती.

“सर, एकही शब्द कापत नाही मी. फक्त तारे टाकायचे राहिलेत तुमचे. किती देऊ?”

“या वेळी नकोत.”

“अहो, पण तिथे जागा रिकामी दिसेल.”

“दिसू दे,” परीक्षक म्हणाला.

रविवारी सकाळी त्याने तबकडी लावली नाही. चहा घेतला, पेला धुतला, पुसला, पालथा घातला. खालच्या रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर ढकललं. साडेनऊला फोन वाजला. मंगळवार नव्हता, पाच वाजले नव्हते, पण ताईच होती.

“वाचलं,” ती म्हणाली.

ती काहीही बोलली तरी ऐकून घ्यायचं, असं त्याने रात्रीच ठरवलं होतं.

“जड होतं रे ते दार. उचलून ढकलायला लागायचं.”

“हो.”

“छोट्या, मी परवा फोनवर ओरडले ना, ‘आले, बाबा’ म्हणून?”

“हो.”

“तू आणि आई नसायचात तेव्हा रोज ओरडायचे मी असं. माझी टायपिंगची परीक्षा होती, पुस्तक समोर असायचं. ‘आले, बाबा’ म्हणायचे, म्हणजे ते वाजवायचं थांबवायचे.” तिचा आवाज अगदी बारीक झाला. “आणि जायचेच नाही. बसून राहायचे.”

परीक्षकाने फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे ताईच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, सूनबाईचं भांडं आपटलेलं ऐकू आलं, आणि मग तिचा श्वास. त्याला तिला काही सांगायचं होतं, पण जे सांगायचं ते दोघांना माहीत होतं. तो स्टूल ओढून फोनशी बसला. बराच वेळ कोणी काही बोललं नाही, आणि फोनही कोणी ठेवला नाही.